नायट्रसची बाटली नंतर, आधी इंजिनाची तब्येत: जुन्या गाडीच्या तयारीतून धंदा कसा उभा करायचा?



गॅरेज टाकायची इच्छा असलेल्या तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, रेसिंगच्या व्हिडिओत बटण दाबलं की गाडी रॉकेटसारखी सुटते. ती नायट्रस किट आपल्याकडच्या जुन्या गाडीला बसवून देण्याचा धंदा केला तर? सिंधुदुर्गात तर कोणीच करत नाही!"

कोणीच करत नाही, हे खरं आहे. पण जो धंदा गावात कोणी करत नाही, त्याची दोन कारणं असू शकतात: एक तर कोणाला सुचला नाही, नाहीतर त्यात चालण्यासारखं काही नाही. आपल्या बाबतीत कुठलं कारण लागू आहे, हे दुकानाचा बोर्ड रंगवायच्या आधी शोधायचं असतं.

म्हणून आज आपण हा विषय मुळापासून बघू. नायट्रस म्हणजे काय, त्यासाठी जुनं इंजिन कसं तयार करतात, कायदा काय म्हणतो आणि या सगळ्यातून मालवण-कुडाळच्या मुलाने नेमकं विकायचं काय. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून पूर्ण वाचा.

नायट्रस म्हणजे इंधन नव्हे

पहिला गैरसमज इथेच काढून टाकू. नायट्रस ऑक्साईड स्वतः पेटत नाही. तो ऑक्सिजन पुरवणारा वायू आहे. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. इंजिनात गेल्यावर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर त्याचे तुकडे होतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि जास्त पेट्रोल जळलं की जास्त ताकद मिळते.

दुसरा फायदा थंडाव्याचा. बाटलीत नायट्रस द्रव असतो. बाहेर येताना तो उणे ८८ अंशांच्या आसपास उकळतो आणि आत जाणारी हवा गार करतो. गार हवा दाट असते, म्हणजे पुन्हा ऑक्सिजन वाढला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उंचावर विरळ हवेत उडणाऱ्या विमानांना हीच युक्ती वापरली होती.

आता या कथेतला धोका बघा. ऑक्सिजन वाढला आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही, तर आतली ज्वाला बेसुमार तापते. इंजिन ठोकायला लागतं आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणजे बाटली जी ताकद देते, ती इंजिनाच्या हाडामांसातून वसूल करते. हाडं मजबूत असतील तर ठीक. वीस वर्षं आंबोलीचा घाट चढून दमलेल्या गाडीचं काय होईल, ते तुम्हीच सांगा.

कायदा आधी वाचा, पाना नंतर उचला

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे.

म्हणजे एमएच-०७ पासिंगच्या, रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला नायट्रस? विषय संपला. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, ते वेगळंच.

मग नायट्रस चालतो कुठे? बंद ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर, परवानगी घेऊन भरवलेल्या स्पर्धेत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग रेस भरत आली आहे. देशातल्या अशा अधिकृत शर्यतींचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. तिथेही कुठल्या गटात नायट्रस चालतो आणि कुठल्या नाही, हे त्या स्पर्धेच्या नियमावलीत बघावं लागतं. शिवाय दाबाखालच्या वायूच्या बाटल्यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. ते बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

मालवणपासून लोणावळा किती लांब आणि तिथे शर्यतीला गाडी उतरवणारे सिंधुदुर्गात किती जण, हा हिशेब करा. टार्गेट कस्टमर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

थांबा, निराश होऊ नका. खरी गंमत पुढे आहे.

जुन्या इंजिनाची तयारी: क्रमाने

समजा ट्रॅकसाठीची एक जुनी मारुती एस्टीम तुमच्याकडे आली. जाणकार मिस्त्री बाटलीला हात लावायच्या आधी काय करतो? हा क्रम वहीत लिहून घ्या, पुढे कामाला येणार आहे.

पहिलं, कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करा. सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे मारून आकडा लिहा. आकडा किती मोठा, यापेक्षा चारही आकडे सारखे आहेत का हे जास्त बोलकं असतं. नायट्रससाठी सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसलेला बरा.

एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

दुसरं, लीक-डाऊन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. ऑईल टाकायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. हेड न उघडता अर्धं निदान हातात येतं.

तिसरं, थंड ठेवण्याची यंत्रणा. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, पंखा, होजपाईप. किनाऱ्यावरच्या गाडीत रेडिएटरच्या पातळ पत्र्या खाऱ्या हवेने भुगा झालेल्या असतात. बाहेरून रेडिएटर शाबूत दिसतो, पण उष्णता टाकत नाही.

चौथं, पेट्रोलचा पुरवठा. पंपाचा दाब आणि प्रवाह दोन्ही मोजा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला इंजिनावर चालणारा छोटा पंप असतो. नायट्रसबरोबर लागणारं जादा पेट्रोल देणं त्याच्या आवाक्याबाहेर असतं. आणि आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे रबरी पाईप त्यासाठी बनवलेले नव्हते. फुगलेला किंवा तडे गेलेला पाईप दिसला की बदला. तिथे काटकसर नको.

पाचवं, स्पार्क आणि वायरिंग. नायट्रसला एक-दोन नंबर थंड प्लग लागतात. टायमिंगही मागे घ्यावं लागतं, ढोबळमानाने दर ५० हॉर्सपॉवरला दोन अंश. पण त्याआधी अर्थिंग बघा. मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांत इंजिनाची अर्थ पट्टी आणि कनेक्टर हिरवे पडलेले असतात. स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलमध्ये मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंग खराब आहे, मग वर कितीही भारी प्लग लावा.

सहावं, आतले भाग. ओतीव पिस्टनच्या कंपनी इंजिनावर मूळ ताकदीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त भार टाकायचा नाही, हा जुना सावध ठोकताळा. ८५ हॉर्सपॉवरच्या एस्टीमला साधारण २० हॉर्सपॉवरचा छोटा जेट, बस्स. त्याहून जास्त हवं असेल तर इंजिन उघडावं लागतं. फोर्ज्ड पिस्टन, चांगले हेड बोल्ट आणि रिंगच्या तोंडात जास्त फट. ७४ मिलिमीटरच्या बोअरला साध्या वापरात ०.३० मिलिमीटरच्या आसपास फट असते, नायट्रसला ०.४० च्या आसपास लागते. शेवटचा शब्द रिंग बनवणाऱ्याच्या तक्त्याचा. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा वरचा काठ उखडतो.

सातवं, क्लच आणि ब्रेक. ताकद वाढवायची आणि थांबायची सोय जुनीच ठेवायची, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

एवढं सगळं पास झालं की मग किट. तीही अशी की नायट्रस फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आणि साधारण ३ हजार आरपीएमच्या वरच सुटेल, आणि पेट्रोलचा दाब पडला तर आपोआप बंद होईल. पहिली धाव बाटलीशिवाय, इंधन-हवेचं प्रमाण मीटरवर बघत. मग सगळ्यात छोटा जेट. प्रत्येक धावेनंतर प्लग काढून त्याचा रंग बघायचा.

बाटली आणि आपलं ऊन

मालवणात सिलिंडर नवखा नाही. तारकर्लीला स्कूबासाठी २०० बारपर्यंत हवा भरलेल्या टाक्या रोज होडीत चढतात. नायट्रसच्या बाटलीत दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, ६० ते ७० बार. मग ती सोपी का? उलट! स्कूबाच्या टाकीत वायू असतो, या बाटलीत द्रव असतो. आणि ३६.४ अंश हा त्याचा निर्णायक आकडा आहे. त्या तापमानाच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी आतून ३६ अंशांच्या किती वर जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणून बाटली सावलीत हवी, सेफ्टी डिस्कची नळी गाडीबाहेर काढलेली हवी आणि जोडांना तेल-ग्रीस अजिबात नको, कारण ऑक्सिजन देणारा वायू आणि तेल यांचं जमत नाही. बंद गाडीत गळती झाली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्याला हे सांभाळायचं नाही, त्याने हे काम करू नये.

आता धंद्याचं बोलू

वरची यादी पुन्हा वाचा. सात मुद्दे. त्यात बाटलीचा मुद्दा कितवा आहे? एकही नाही! सगळं कौशल्य बाटलीच्या आधीच्या कामात आहे. आणि या सातपैकी सहावा मुद्दा सोडला तर बाकी सगळं तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येक जुन्या गाडीला लागतं.

सगळ्यात जवळचं उदाहरण सीएनजीचं. कलम ५२ मध्येच मान्यताप्राप्त किट लावून इंधन बदलायला वाट ठेवलेली आहे. सिंधुदुर्गात सीएनजी पुरवठ्याचं काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे आहे. पर्यटकांची ने-आण करणारा टॅक्सीवाला, ओमनीतून मासळी किंवा बेकरीचा माल फिरवणारा, सगळे विचारतात, "माझ्या गाडीक सीएनजी परवाडतला काय?"

आता बघा, सीएनजी आणि नायट्रस वरवर उलटे. एक ताकद वाढवतो, दुसऱ्यात ती साधारण दहा टक्के कमी होते. पण दोघेही इंजिनाची लपलेली दुखणी उघडी पाडतात. सीएनजी पेटवायला स्पार्क जोरदार लागतो, म्हणून कमजोर कॉईल आणि हिरवी पडलेली अर्थिंग लगेच मिसफायर देते. तो कोरडा वायू आहे, व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही, म्हणून आधीच झिजलेले व्हॉल्व्ह लवकर संपतात. कॉम्प्रेशन कमी असलेली गाडी सीएनजीवर फोंडा घाट चढताना जीव टाकते. मग मालक कोणाला शिव्या देतो? किटला आणि बसवणाऱ्याला. दोष मात्र किट बसवायच्या आधीपासून इंजिनातच होता.

इथे तुमची जागा आहे. किट बसवणं अधिकृत केंद्राचंच काम. किट त्या मॉडेलसाठी मान्य हवी, आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवलेलं हवं. तुम्ही त्यात पडू नका. तुम्ही विकायची ती किटच्या आधीची लेखी तपासणी. गिऱ्हाईक किटवर मोठी रक्कम घालायच्या आधी तुमच्याकडे येईल आणि तुम्ही त्याला कागदावर सांगाल: गाडी तयार आहे, एवढं काम करून तयार होईल, किंवा या गाडीवर पैसे घालू नका.

हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही भरा. समजा कॉम्प्रेशन गेज, लीक-डाऊन टेस्टर, मल्टिमीटर, इंधन दाबाचं गेज आणि स्कॅनर मिळून १५ हजार लागले. एका तपासणीचे ८०० घेतले आणि खर्च जाऊन ५०० उरले, तर ३० गाड्यांत साधनं फिटली. त्यानंतर तपासणीतून निघणारं दुरुस्तीचं काम वेगळं.

आणि सीझन बघा. मे महिन्यात पर्यटकांची गर्दी, त्याआधी एप्रिलमध्ये टॅक्सीवाल्यांच्या गाड्या तपासा. पावसाळ्यात समुद्रातल्या जलक्रीडा बंद असतात, टॅक्सीवाल्याला तेव्हा वेळ असतो. मोठी कामं तेव्हा काढा. गणपतीच्या आधी गावातल्या गाड्या, आणि चतुर्थीला आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची परतीच्या प्रवासाआधीची तपासणी. एकच यादी, वर्षभर काम.

'नाही' म्हणायला शिका

हा भाग कोणी शिकवत नाही, पण तालुक्याच्या गावात धंदा यावरच तरतो किंवा बुडतो.

गिऱ्हाईक येईल आणि म्हणेल, "गाडी बरी आसा रे, तू तपासणी-बिपासणी सोड, काम कर." शेजारचा असेल, नात्यातला असेल. तुम्हाला त्या दिवशी पैशांची गरज असेल. अशा वेळी हो म्हणण्याचा मोह होतो.

तेव्हा वाद घालू नका. आकडा दाखवा. "काका, तीन सिलिंडर १७०, आणि ह्यो एक १२०. तुमीच सांगा, काय करूया?" माणूस मिस्त्रीच्या मताशी भांडतो, गेजच्या काट्याशी भांडत नाही. कागदावर आकडे लिहा, तारीख घाला, गाडीचा नंबर घाला, त्याची सही घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. तरी ऐकलं नाही तर काम नम्रपणे सोडा.

एक काम सोडल्याचं नुकसान आजचं असतं. टॅक्सीवर घर चालवणाऱ्या माणसाची गाडी तुमच्या हातून ऐन मे महिन्यात बसली, तर त्याचा सीझन जातो आणि तुमचं नाव स्टँडवर पोचतं. मुंबईत एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं. मालवणात मिळत नाही, कारण दुसरं गिऱ्हाईक पहिल्याचा मावसभाऊ असतो!

तुमचा या आठवड्याचा ॲक्शन प्लॅन

१. वरच्या यादीतून सहावा मुद्दा वगळून एका पानाचा तपासणी फॉर्म मराठीत तयार करा. प्रत्येक मुद्द्यापुढे आकड्यासाठी जागा ठेवा.

२. ओळखीच्या पाच जुन्या गाड्या फुकट तपासा. पाचही फॉर्म नीट भरा. तुमचा हात बसेल आणि एका गाडीला किती वेळ लागतो ते कळेल. दर त्यावरून ठरवा.

३. जवळच्या अधिकृत सीएनजी फिटिंग केंद्रात जाऊन बोला. तपासलेली गाडी त्यांनाही हवी असते, कारण तक्रारी कमी येतात.

४. टॅक्सी स्टँडवर दहा जणांना एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षी गाडी बंद पडून किती दिवस गेले?" उत्तरं लिहून ठेवा. तुमची जाहिरात त्या उत्तरांतूनच तयार होईल.

आणि नायट्रसची आवड असेल तर ती मारू नका. शर्यतीच्या दिवशी प्रेक्षक म्हणून जा, पिटमध्ये मिस्त्री काय करतात ते बघा. धाव काही सेकंदांची असते, त्यामागची तयारी काही महिन्यांची. तुमच्या गॅरेजच्या बोर्डावर 'नायट्रस' हा शब्द कधी येईल किंवा येणारही नाही. पण 'इथे जुन्या गाडीची लेखी तपासणी करून मिळेल' ही ओळ उद्याही लिहिता येईल.

फॉर्म तयार झाला की आम्हाला दाखवा. भेटू पुढच्या भागात!